व्हॉट्सॲप बिझनेस ॲप: छोट्या व्यवसायाला किती उपयोगाचं?

व्हॉट्सॲप बिझनेस हे मोफत ॲप जानेवारी 2018 मध्ये अँड्रॉइडवर आलं आणि पुढच्या वर्षी आयफोनवरही मिळू लागलं. एकहाती चालणारं दुकान, घरून होणारा धंदा, दोन-चार माणसांची कार्यशाळा अशा व्यवसायांचं ऑनलाइन मार्केटिंग बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं. मत आधीच सांगून टाकतो: एकदा आलेलं गिऱ्हाईक परत आणायला इतकं स्वस्त आणि नेमकं साधन दुसरं नाही. नवं गिऱ्हाईक शोधून देण्याचं काम मात्र ते जवळजवळ करत नाही. शिवाय त्याची निम्मी ताकद एका क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीवर अवलंबून आहे. ग्राहकाने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे का?

सेव्ह नसलेला नंबर

ब्रॉडकास्ट हे या ॲपमधलं सगळ्यात कामाचं आणि सगळ्यात चुकीचं वापरलं जाणारं फीचर. संदेश एकच, पण तो प्रत्येकाच्या चॅटमध्ये स्वतंत्र पोचतो. आणखी कोणाकोणाला गेला हे कुणाला दिसत नाही. एका यादीत 256 जण बसतात आणि अशा अनेक याद्या करता येतात. अट एवढीच की ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मिळतो. बाकीच्यांना मिळाला नाही हे ॲप तुम्हाला सांगत नाही. तुमच्या स्क्रीनवर संदेश व्यवस्थित गेलेला दिसतो. दोनशे जणांना नव्या मालाचे फोटो पाठवले आणि पाच-सहा उत्तरं आली, की लगेच माल बदलायचा किंवा किंमत उतरवायची घाई होते. प्रत्यक्षात त्यातल्या बऱ्याच लोकांपर्यंत फोटो पोचलेलेच नसतात.

हे तपासता येतं. पाठवलेल्या ब्रॉडकास्ट संदेशावर बोट दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. कोणाला पोचला, कोणी वाचला, हे तिथे नावानिशी दिसतं. दुसऱ्या दिवशीही ज्यांचं नाव तिथे आलेलं नाही, त्यांच्यापैकी एखाद्याला त्याच्या स्वतंत्र चॅटमध्ये काहीतरी कामाचं विचारा. मागच्या ऑर्डरची चौकशी केली तरी चालेल. त्या संदेशाला लगेच दोन टिक आल्या, तर फोन चालू आहे, नेट आहे आणि तुम्हाला ब्लॉकही केलेलं नाही. म्हणजे फक्त नंबर सेव्ह नाही. तिथेही एकच टिक राहिली, तर फोन बंद असेल, नंबर बदलला असेल किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल. अशा लोकांना यादीतून काढून टाकलेलं बरं, म्हणजे पुढच्या वेळी आकडे खरे दिसतात.

स्टेटसची अट आणखी एक पाऊल पुढे जाते. तिथे सेव्ह दोन्हीकडून हवं: तुमच्या फोनमध्ये त्यांचा नंबर आणि त्यांच्या फोनमध्ये तुमचा. ऑर्डर संपली की ग्राहकाचा नंबर तसाच बिननावाचा सोडून देण्याची सवय इथे महागात पडते. पहिल्याच ऑर्डरला नाव टाका आणि नावाच्या पुढे एखादी खूण जोडा: घाऊक की किरकोळ, काय घेतलं, कोणत्या महिन्यात घेतलं. ही यादी फोनच्या मेमरीत न ठेवता व्यवसायाच्या वेगळ्या गूगल खात्यात ठेवा. फोन हरवला तरी ती हातची जात नाही.

ग्राहकाला नंबर सेव्ह करायला सांगायची वेळ म्हणजे माल हातात पडून तो खूश असतो ती. चौकशी सुरू असताना सांगितलं तर कुणी करत नाही. कापडी बॅगा शिवणाऱ्या व्यवसायाचा संदेश साधारण असा असावा: ‘बॅग मिळाली ना? कशी वाटली? हा नंबर सेव्ह करून ठेवाल का? नवीन डिझाइन आलं की फोटो पाठवतो, पण नंबर सेव्ह नसेल तर ते पोचत नाहीत. फोटो नको असतील तर फक्त “नको” लिहा.’ यातलं दुसरं वाक्य आणि शेवटचं वाक्य गाळू नका. दुसऱ्यामुळे ग्राहक उत्तर देतो. शेवटच्यामुळे कंटाळलेला माणूस ब्लॉक करण्याऐवजी ‘नको’ लिहितो, आणि हा फरक किती मोलाचा आहे ते पुढे येईलच. सोबत तुमचं कॉन्टॅक्ट कार्ड जोडा, म्हणजे नाव-नंबर टाइप करायचा त्रास वाचतो आणि तो कुठल्या नावाने सेव्ह व्हावा हेही तुमच्या हातात राहतं.

एक गैरसमज दूर करायला हवा. क्यूआर कोड स्कॅन केला की नंबर सेव्ह होतो असं बरेच जण धरून चालतात. स्कॅन केल्याने फक्त चॅट उघडतं. सेव्ह करायचं काम वेगळं राहतंच.

कॅटलॉग

नोव्हेंबर 2019 मध्ये आलेला कॅटलॉग हा या ॲपचा सगळ्यात चांगला भाग. 500 वस्तू मांडता येतात, प्रत्येक वस्तूला 10 फोटो, किंमत, वर्णन, लिंक आणि आपला स्वतःचा कोड देता येतो. स्वतःची वेबसाइट नसलेल्याला एवढं मोफत मिळणं ही मोठी सोय आहे. पण बहुतेक कॅटलॉग रिकाम्या फळ्यांच्या कपाटासारखे दिसतात, कारण वस्तू टाकताना फक्त फोटो आणि एक शब्द भरलेला असतो.

‘बॅग नं. 3, सुंदर आणि टिकाऊ’ असं वर्णन वाचून ग्राहकाला चार प्रश्न पडतात. ते विचारण्यापेक्षा तो पुढे सरकतो. त्याच जागी असं लिहून पाहा: ‘खांद्याची बॅग, जाड कॅनव्हास. रुंदी 38 सेंमी, उंची 35 सेंमी, तळ 10 सेंमी. 15 इंची लॅपटॉप बसतो. आत एक चेनचा कप्पा. थंड पाण्यात हाताने धुवा. तीन रंग, तयार माल. नाव भरून हवं असल्यास 4 दिवस जास्त.’ चौकशीच्या चॅटमध्ये रोज जे प्रश्न येतात, त्यांचीच ही उत्तरं आहेत. वर्णन लिहायला बसण्याआधी जुनी वीस-पंचवीस चॅट्स चाळा आणि पुन्हापुन्हा आलेले प्रश्न कागदावर उतरवा. वर्णन आपोआप तयार होतं.

किंमत भरणं ऐच्छिक आहे आणि इथे अनेकांची मोठी गफलत होते. ‘किंमत विचारली की बोलणं सुरू होतं’ हा हिशेब कागदावर बरोबर वाटतो. प्रत्यक्षात दिवसभर ‘किती?’ला उत्तर देण्यात वेळ जातो आणि त्यातले बहुतेक आकडा ऐकून गप्प होतात. किंमत ठरलेली असेल तर लिहा. मापानुसार बदलत असेल तर सगळ्यात लहान मापाची लिहा आणि वर्णनात ती ‘पासून’ आहे हे स्पष्ट करा.

पहिला फोटो चौकोनी, साध्या पार्श्वभूमीवरचा, वस्तू मधोमध असलेला असावा. यादीत तो अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो, त्यामुळे फोटोवर लिहिलेली सूट, फोन नंबर, नक्षीदार अक्षरं वाचता येत नाहीत आणि वस्तूही झाकली जाते. दुसरा फोटो वापरातला, म्हणजे बॅग कुणाच्या तरी खांद्यावर, त्यावरून आकार कळतो. तिसरा शिलाईचा किंवा चेनचा जवळून. एवढे तीन नीट असले तर उरलेल्या सातांची गरज नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. कॅटलॉगला साठ्याची जाण नाही. संपलेली वस्तू स्वतःहून दिसेनाशी होत नाही, ती तुम्हाला लपवावी लागते. 2020 च्या अखेरीस कार्टची सोय आली. ग्राहक अनेक वस्तू निवडून एकाच संदेशात पाठवू शकतो. मात्र कार्ट म्हणजे पक्की ऑर्डर नव्हे, तो यादी असलेला एक संदेश आहे. माल शिल्लक आहे, पाठवणीचा खर्च इतका, पैसे मिळाले की निघेल, हे उत्तर तुम्ही दिल्याशिवाय व्यवहार ठरत नाही. नव्या वस्तूची ॲप आधी तपासणी करतं आणि नियमात न बसणारी नाकारतं. औषधं, तंबाखू, मद्य, शस्त्रं, जिवंत प्राणी यांना तिथे जागा नाही. चुकून नाकारलेल्या वस्तूची फेरतपासणी मागता येते. पण नवा माल जाहीर करायच्या दिवशीच कॅटलॉग भरू नका, निदान एक दिवस हाताशी ठेवा.

स्वयंचलित संदेश आणि लेबलं

स्वागत संदेश पहिल्यांदा लिहिणाऱ्याला जातो, शिवाय ज्याच्याशी 14 दिवस बोलणं झालेलं नाही त्याने लिहिल्यावरही जातो. म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी परत येणारा जुना ग्राहक तोच मजकूर पुन्हा वाचतो. त्यामुळे ‘आमच्याकडे आपलं प्रथमच स्वागत’ अशी भाषा टाळा. दोन ओळी पुरेत: कधीपर्यंत उत्तर येईल आणि तोवर त्याने काय पाठवून ठेवावं. ‘काय हवं, किती नग आणि पोचवायचं ठिकाण लिहून ठेवा, संध्याकाळी 6 पर्यंत उत्तर देतो’ असं लिहिलं तर उत्तर द्यायला बसाल तेव्हा अर्धं काम झालेलं असतं. बंद वेळेच्या संदेशासाठी कामाचे तास आधी प्रोफाइलमध्ये बरोबर भरलेले हवेत. तो ‘नेहमी’वर ठेवून विसरणं फार होतं. मग भर दुपारी लोकांना ‘सध्या बंद आहे’ असं उत्तर जातं. दोन्ही संदेश निघायला फोनला नेट लागतं, हेही ध्यानात असू द्या.

झटपट उत्तरं 50 साठवता येतात. तिरपी रेघ आणि छोटा शब्द टाइप केला की पूर्ण मजकूर येतो. पत्ता, पैसे भरण्याची पद्धत, बदलून देण्याचे नियम, मापाचा तक्ता, अशी आठ-दहा झाली तरी रोजचं बरंच टाइपिंग वाचतं.

लेबलं 20 करता येतात. माणसांचे प्रकार आणि ऑर्डरचे टप्पे यांची सरमिसळ केली की लेबलं निरुपयोगी होतात. टप्प्यांसाठी पाच ठेवा: चौकशी, पैसे बाकी, पैसे मिळाले, पाठवलं, पूर्ण. टप्पा बदलला की जुनं लेबल काढायला विसरू नका, नाहीतर महिन्याभरात ‘पैसे बाकी’खाली सगळी दुनिया दिसू लागते. उरलेल्यांत ग्राहक कुठून आला ते नोंदवा: इन्स्टाग्राम, जाहिरात, ओळखीतून, छापील कोड. ॲपची स्वतःची आकडेवारी फार तोकडी आहे. पाठवलेले, पोचलेले, वाचलेले आणि आलेले संदेश, एवढंच ती सांगते. कोणत्या मार्गाने विक्री झाली हे लेबलांवरूनच कळतं.

नवं गिऱ्हाईक बाहेरून आणावं लागतं

इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाला तुमचा व्हिडिओ दिसू शकतो, फेसबुकवर कुणीतरी पोस्ट पुढे पाठवतं. व्हॉट्सॲपमध्ये तशी वाट जवळजवळ नाही. म्हणून नवे लोक तिथून आणायचे आणि इथे सांभाळायचे, अशी जोडणी करावी लागते. त्या जोडणीसाठी लिंक लागते, आणि लिंकचे दोन प्रकार आहेत. ॲप स्वतः एक छोटी लिंक आणि क्यूआर कोड देतं. त्यांच्यासोबत आधीच लिहिलेला मजकूर जोडता येतो, पण कुणी सेटिंगमध्ये जाऊन त्या रीसेट केल्या की जुनी लिंक आणि जुना कोड दोन्ही बाद होतात. हजार पाकिटांवर छापलेला कोड एका स्पर्शाने निकामी होऊ शकतो. दुसरी लिंक हाताने बनवायची: डब्ल्यूए डॉट एमई, तिरपी रेघ आणि देशाच्या कोडसकट पूर्ण नंबर. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मोकळ्या जागा, कंस, रेघा यांतलं काहीही नको. लिंक उघडत नाही अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी शिरलेलं असतं. ही लिंक नंबरवरच आधारलेली असल्याने रीसेट होत नाही. छापायची तर हीच छापा.

हाताने बनवलेल्या लिंकला मजकूर जोडता येतो, आणि तिथे एक युक्ती आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा छोटा संकेत ठेवा: इन्स्टाग्रामच्या बायोत एक, पाकिटावर दुसरा, व्हिजिटिंग कार्डवर तिसरा. ग्राहकाचा पहिला संदेश तो संकेत घेऊनच येतो आणि तुम्ही त्याच क्षणी लेबल लावू शकता. संकेत रोमन अक्षरं-आकड्यांतला ठेवलेला सोयीचा. देवनागरी मजकूर लिंकमध्ये गेला की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक साखळी बनते, क्यूआर कोड दाट होतो आणि छोट्या आकारात छापल्यावर फोन तो पकडत नाही. कोड निदान 2 सेंमी बाय 2 सेंमी छापा, भोवती पांढरी कडा सोडा आणि सगळी छपाई होण्याआधी एक प्रत काढून साध्या, जुन्या फोनने स्कॅन करून बघा.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर ‘व्हॉट्सॲपवर संदेश पाठवा’ असं बटण असलेली जाहिरात चालवता येते. ती चालते, पण तिचा अहवाल फसवा असतो. त्यात ‘सुरू झालेली संभाषणं’ मोजलेली असतात. समजा शंभर संभाषणं आली. त्यांतल्या चाळीस जणांनी बटण दाबून आपोआप आलेला मजकूर पाठवला आणि पुढे काहीच लिहिलं नाही. पन्नासांनी किंमत विचारली, दहांनी माप विचारलं, आणि या साठांपैकी चौघांनी पैसे भरले. तर जाहिरातीचा सगळा खर्च चार ने भागा. तो आकडा एका ऑर्डरच्या नफ्यापेक्षा जास्त असेल, तर अहवाल कितीही हिरवा दिसला तरी जाहिरात तोट्यात आहे, निदान पहिल्या खरेदीपुरती. त्या चौघांतले किती परत येतात यावर पुढचा हिशेब ठरतो, आणि परत येणं पुन्हा नंबर सेव्ह असण्यावर.

जाहिरात फुकट जाण्याचं नेहमीचं कारण मजकुरात नसतं, उत्तर देणाऱ्या माणसात असतं. रात्री अकराला बटण दाबणाऱ्याला सकाळी दहाला उत्तर मिळालं तर तोवर तो विसरलेला असतो. उत्तर देणारं कुणीतरी हजर असेल त्याच तासांत जाहिरात चालू ठेवा.

नंबर बंद पडण्याची कारणं

विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्या आणि एका झटक्यात हजारो संदेश पाठवणारी सॉफ्टवेअर, या दोन गोष्टींपासून शंभर हात लांब राहा. अनोळखी लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात, आणि अशा तक्रारी वाढल्या की खातं बंद होतं. जीबी व्हॉट्सॲपसारखी बदललेली ॲप वापरल्यानेही खातं जाऊ शकतं. खातं गेलं की कॅटलॉग, लेबलं, चॅट सगळं एकदम हातातून जातं. वर लिहिलेला ‘नको’चा पर्याय इथे कामी येतो. ज्याने ‘नको’ लिहिलं त्याला त्याच दिवशी यादीतून काढा. आठवड्याला एक ब्रॉडकास्ट पुष्कळ झाला. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवणारा व्यवसाय आपल्या हाताने स्वतःला म्यूट करून घेतो. 2025 मध्ये कंपनीने ब्रॉडकास्टच्या संख्येवर मर्यादा आणि व्यवसायांसाठी सशुल्क ब्रॉडकास्ट यांच्या चाचण्या सुरू केल्या, तेव्हा मोजकं पाठवायची सवय आत्ताच लागलेली चांगली.

ग्राहकांचा ग्रुप करणं मात्र टाळाच. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, स्पर्धक आत शिरून यादी उचलू शकतो आणि एका नाराज माणसाची तक्रार सगळ्यांसमोर होते. 2023 मध्ये आलेल्या चॅनेलमध्ये नंबर झाकलेले राहतात आणि सेव्हची अटही नाही. पण ते एकतर्फी आहे: ग्राहक तिथे उत्तर लिहू शकत नाही, आणि बऱ्याच जणांकडे त्याची सूचना वाजतच नाही. नमुने दाखवायला ठीक, विक्री करायला कमकुवत.

ग्राहक हजारोंच्या घरात गेले की एपीआय नावाचा सशुल्क मार्ग आहे. तिथे नंबर सेव्ह असण्याची गरज नाही, पण ग्राहकाची संमती लागते. आपणहून पाठवायचा संदेश आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यात बसवावा लागतो, आणि ग्राहकाने शेवटचं लिहिल्यापासून 24 तासांतच मोकळेपणी उत्तर देता येतं. दिवसाला वीस-तीस चॅट असणाऱ्या व्यवसायाने त्या वाटेला जायचं कारण नाही.

नंबर कुणाचा?

मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, म्हणजे दोघे-तिघे मिळून उत्तरं देऊ शकतात. मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही तर जोडलेली उपकरणं बाहेर पडतात. उत्तर नक्की कुणी दिलं हे ग्राहकाला कळत नाही आणि एकाच प्रश्नाला दोन वेगळ्या किमती सांगितल्या जातात, म्हणून चॅट कुणी उचललं हे लेबलने दाखवायची पद्धत घालून घ्या.

सिमकार्ड मालकाच्या नावावर असावं, मदतनिसाच्या नाही. दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन लावा आणि सोबत ईमेलही द्या. ईमेल नसताना पिन विसरला तर नव्या फोनवर खातं उघडायला 7 दिवस थांबावं लागू शकतं. पडताळणीचा कोड कुणीही मागितला, अगदी ओळखीच्या नंबरवरून मागितला, तरी द्यायचा नाही.

नंबर बदलायची वेळ आली तर घाई नको. ॲपमध्ये नंबर बदलायची सोय आहे आणि चॅट नव्या नंबरवर येतात, पण ग्राहकांच्या फोनमध्ये जुनाच सेव्ह असतो, त्यामुळे ब्रॉडकास्ट आणि स्टेटस एका दिवसात शून्यावर येतात. आधी जुन्या नंबरवरून सगळ्या याद्यांना नव्या नंबरचं कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा, ‘1 तारखेपासून हा नंबर, आत्ताच सेव्ह करा’ एवढ्याच ओळीसह. आठवड्याने तेच पुन्हा पाठवा. नेहमीच्या मोठ्या ग्राहकांना एकेक करून फोन करा. पाकिटं, कार्डं, बायो, फेसबुक पेज यांवरच्या लिंका बदला. मग ॲपमध्ये नंबर बदला, आणि जुनं सिम त्यानंतरही निदान दोन-तीन महिने चालू ठेवा. जुन्या पाकिटावरचा नंबर बघून फोन करणारे तेवढा काळ येतच राहतात.